'ट्वीड रिंग'मधल्या रिंगला मराठीत काय म्हणाल?

मृणालिनी_न: अमेरिकन व्यंगचित्रकार थॉमस नास्टवरचा लेख मराठीत करतेय आणि दोन दिवस एकाच शब्दापाशी अडलेय. न्यूयॉर्कचा राजकीय पुढारी 'बॉस' ट्वीड आणि त्याची माणसं, ज्यांनी कोर्टाच्या इमारतीची खोटी बिलं लावून शहराची तिजोरी खाल्ली, त्यांना तिकडे 'ट्वीड रिंग' म्हणायचे. मी 'टोळी' लिहून मोकळी झालेले. मग 19 ऑगस्ट 1871 चं हार्पर्स वीकली साप्ताहिकातलं नास्टचं चित्र नीट बघितलं. सगळे गोलात उभे, पुढ्यात ढेरपोट्या ट्वीड, लोकांचा पैसा कुणी चोरला हा प्रश्न, आणि जो तो शेजारच्याकडे बोट करतोय, 'ह्यानं'. म्हणजे रिंग ही टोळी पण आणि गोल पण. टोळीत गोल कुठून आणू?

खिळेजुळारी: कंपू लिहा की. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणायचे, माझ्या मते पोर्तुगीजांकडून आलाय. राजकारणात मुरलेला शब्द आहे.

मृणालिनी_न: काका, कॉलेजात आम्हा चार मैत्रिणींचा पण कंपूच होता हो. त्यात चोरी येत नाही, आणि गोल तर नाहीच.

माणदेशी: कोंडाळं! पारावर पुढाऱ्याभोवती माणसं बसली की आजी म्हणायची, जमलं बघ कोंडाळं, आता गावाचं काय खरं नाही. गोल पण आला, आणि आतलं बाहेर फुटू द्यायचं नाही हे पण आलं.

शुद्धलेखनी: गारुड्याभोवती पोरांचं पण कोंडाळंच असतं, त्यात गुन्हा कुठाय? त्यापेक्षा रिंगण घ्या, उच्चार पण जवळचा.

माणदेशी: रिंगण नको. वारीत उभा राहिलोय मी, माउलींचा अश्व धावतो ते रिंगण. चोरांना तो शब्द देऊ नका, हात जोडतो.

शुद्धलेखनी: बरं राहिलं. पण ताई, लेखात 'व्यंगचित्र' लिहू नका, 'व्यंग्यचित्र' लिहा. व्यंग म्हणजे शरीरातला दोष, व्यंग्य म्हणजे सुचवलेला अर्थ, व्यंजनेतला. 21 ऑक्टोबर 1871 चं चित्र आठवा, ट्वीडच्या धडावर डोक्याच्या जागी पैशाची थैली आणि चेहरा म्हणून डॉलरचं चिन्ह. ह्यात कुठलं आलं शारीरिक व्यंग? लोभ सुचवलाय.

खिळेजुळारी: अहो मराठीत व्यंगचित्रच रुळलंय, छापखान्यात उभा जन्म गेला माझा, एकदाही 'ग्य' जुळवला नाही. आणि ढेरीचं काय करता? तुरुंगातून पळून ट्वीड स्पेनला पोचला, तिथे 1876 मध्ये नास्टच्या चित्रावरून ओळखला गेला. त्या चित्रात त्याने दोन पोरांना धरलेलं, म्हणून तिथल्यांना तो मुलं पळवणारा वाटला असं सांगतात. म्हणजे बघा, मजकूर कळला नाही तरी देह कळला. नास्टची ताकद त्या देहातच आहे, म्हणून व्यंगच बरोबर.

शुद्धलेखनी: रुळलं म्हणून बरोबर होत नाही काका. आणि देह फुगवून काढला तर त्याला अर्कचित्र असा वेगळा शब्द आहे.

खिळेजुळारी: अर्कचित्रात एकटा माणूस असतो. इथे तर अख्खी नगरपालिका आहे.

मृणालिनी_न: माझी रिंग राहिलीच की. चित्राखाली कोंडाळं आणि बाकी लेखात टोळी केलं तर वाचणाऱ्याला दोन वेगळे गट वाटतील ना?

माणदेशी: सगळीकडे कोंडाळंच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे 'लुटारू कोंडाळं' म्हणा, पुढे आपोआप कळतं.

शुद्धलेखनी: आणि 'बॉस'चं काय केलंत? तो मुळात तिथल्या जुन्या डच वस्तीतला 'बास', म्हणजे मालक.

माणदेशी: दादा चालेल का? ट्वीडदादा?