स्वतःच्या कॅरेक्टरची क्ले फिगर, रंग भाजायच्या आधी की नंतर?

प्रश्न: माझ्या गोष्टीतली मुलगी आहे, लांब वेणी, खांद्यावर घुबड, तिची वीतभर फिगर पॉलिमर क्लेमध्ये (घरच्या ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी प्लास्टिकसारखी क्ले) करतेय. आत तार आणि फॉइल आहे, चेहरा मस्त जमलाय पण वेणी हवेत लोंबतेय ती भाजताना वाकेल का? आणि रंग कधी द्यायचा?

प्रतिसाद १: वेणीतून पण बारीक तार घाल आणि खाली फॉइलचा टेकू दे, गरम असताना क्ले मऊच असते, गार झाल्यावर खरी कडक होते, म्हणून लगेच हात लावू नको. तापमान पाकिटावर असेल तेच, साधारण ११० ते १३५ डिग्री.

प्रतिसाद २: रंग नंतरच! आधी स्पिरिटने हलकं पुसून घे, बोटांचं तेल राहिलं की अ‍ॅक्रिलिक नीट धरत नाही. पातळ पातळ हात दे. डोळे शेवटी कर, बुबुळावर वरच्या पापणीची बारीक सावली दिलीस ना की नजर एकदम जिवंत होते, मला तर सगळ्यात आवडतं काम तेच. स्प्रे वार्निश मात्र नको, बरेचसे या क्लेवर चिकट राहतात, ब्रशने लावायचं वॉटर बेस्ड मॅट वार्निश घे.

प्रश्नकर्ती: घुबड नंतर जोडलं तर चालेल?

प्रतिसाद १: हो, सांध्यात लिक्विड क्ले (पातळ पॉलिमर क्ले, डिंकासारखी चिकटवायला) लावून परत भाज, पण रंगवायच्या आधी.