मदत हवी आहे: मुलीकडं राहायला जायचंय, जन्मदाखल्यावर अडलंय

रंकाळा_पेन्शनर
नमस्कार मंडळी. मी आणि सौ. दोघंही रिटायर शिक्षक. आता मुलीकडं कायमचं राहायला जायचं ठरलंय. कागदं सगळी तयार आहेत, फक्त मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव नाही. नावाच्या चौकटीत नुसती आडवी रेघ. बारशाआधी नोंद झाली, पुढं नाव घालायला कोण जातंय? एजंट म्हणतो हा दाखला चालत नाही, अॅफिडेव्हिट करून देतो, आणि त्याचे पैसे ऐकून मी उठूनच आलो. काय करू? लवकर सांगा, मुलगी रोज फोन करतीया.

शाहूपुरीकर
देश कुठला ते लिहा की काका. आणि दाखला महापालिकेचा का ग्रामपंचायतीचा?

रंकाळा_पेन्शनर
कॅनडा. दाखला ग्रामपंचायतीचा, हिचं माहेर राधानगरी तालुक्यात.

मिरजकर_टोरांटो
कायमचं म्हणजे पीआर (तिथं कायम राहायचा परवाना) का सुपर व्हिसा (मुलांकडं येणाऱ्या आई-वडिलांचा लांब मुदतीचा व्हिसा)? पीआर असेल तर अवघड आहे. आई-वडिलांना पीआरवर बोलवायच्या स्पॉन्सरशिपला अर्ज करायची अलीकडची बोलावणी २०२० साली इच्छा नोंदवलेल्या मुलांतूनच निघाली. सुपर व्हिसा १० वर्षांपर्यंतचा मिळतो आणि २०२२ पासून एका खेपेला ५ वर्षं राहता येतं. पण तिथल्या सरकारी दवाखान्याचा फुकट इलाज त्यात नाही. किमान १ लाख कॅनडियन डॉलरचा, वर्षभराचा मेडिकल इन्शुरन्स दोघांना वेगवेगळा काढावा लागतो. वय आणि बीपी-शुगर बघून हप्ता ठरतो. मुलीचं उत्पन्नही घरातल्या माणसांच्या हिशेबात बसावं लागतं, त्यात तुम्ही दोघंही मोजले जाता.

नाद_खुळा_७७
बर्फात कशाला जाताय काका! थायलंडला जा. पन्नाशी ओलांडली की रिटायरमेंट व्हिसा, बँकेत ८ लाख बात (तिथलं चलन) ठेवायचे नाहीतर महिन्याला ६५ हजार बात उत्पन्न दाखवायचं. माझा साडू तिकडंच आहे, मजेत.

शाहूपुरीकर
त्यांची मुलगी थायलंडला आहे का? आणि दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा असतो, ते साडूनं सांगितलं नाही वाटतं.

नाद_खुळा_७७
ऑनलाइन होतंय ते. कॅनडात जानेवारीत दाराबाहेरचा बर्फ फावड्यानं ओढायला तुम्ही जाणार आहे का?

रंकाळा_पेन्शनर
अहो दाखल्याचं कुणी सांगेल का? सुपर व्हिसाच आहे.

गावकारभारी
ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूचा निबंधक म्हणजे ग्रामसेवकच. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि तुमचा अर्ज घेऊन जा. मूळ नोंदवहीतल्या नोंदीवरच नाव चढतं, म्हणून वही गावात आहे का तालुक्याला जमा झालीय ते आधी फोनवर विचारा. आणखी एक, नाव घालायची मुदत नोंदणीपासून १५ वर्षं. त्यापुढच्या नोंदींना सरकार मधूनमधून मुदतवाढ देतं. सध्या ती चालू आहे का ते खात्री करूनच एसटीत बसा.

मिरजकर_टोरांटो
तोवर नात्याचा दुसरा पुरावा जोडा. मुलीच्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं असतात. ती अजून भारतीय पासपोर्टवर आहे ना?

रंकाळा_पेन्शनर
नाही, ती तिकडची सिटिझन झालीय.

मिरजकर_टोरांटो
हे आधी सांगायचं! कॅनडियन पासपोर्टवर आई-बापाची नावं नसतात. तिचा जुना पासपोर्ट सरेंडर करताना रद्दचा शिक्का मारून परत दिला असेल. त्याचं शेवटचं पान स्कॅन करून मागवा, शाळेचा दाखला जोडा आणि जन्मदाखल्यावर नाव का नाही त्याचं साधं पत्र लावा. वहिनींच्या पासपोर्टवरचं नावाचं स्पेलिंग त्या शेवटच्या पानावरच्याशी जुळतंय का बघा. बहुतेकांचं तिथंच फसतं.

हयातीचा_दाखला
नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला विसरू नका. तिकडच्या भारतीय कॉन्सुलेटात करून मिळतो. आणि घर भाड्यानं देणार असाल तर भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या.

रंकाळा_पेन्शनर
घर भाड्यानं देणार नाही. मुलीनं जुना पासपोर्ट शोधलाय, सापडला. पण त्यावर हिचं नाव सुमन, आणि हिच्या पासपोर्टवर सुमनताई.

शाहूपुरीकर
दोन्ही नावं एकाच बाईची, एवढं अॅफिडेव्हिट कोर्टाबाहेरच्या नोटरीकडं करून घ्या. एजंटाला त्यासाठी एवढे पैसे कशाला?

नाद_खुळा_७७
थायलंडला हे काही लागत नव्हतं.

सासने_ग्राउंड
माझीही हीच अडचण, मुलाच्या दाखल्यावर नाव नाही. फक्त तो जर्मनीत आहे. तिकडं आई-वडिलांना राहता येतं का?