मदत हवी आहे: उन्हाळ्यात चक्का रवाळ होतो

नमस्कार मंडळी. बडोद्यात राहते. म्हशीच्या दुधाचं दही घरीच लावून चक्का टांगते. हिवाळ्यात श्रीखंड लोण्यासारखं होतं. उन्हाळा लागला की तेच दूध, तेच विरजण, पण जिभेला कण लागतात.

कण साखरेचे नाहीत. पिठीसाखर घालून रात्रभर मुरवते, तरी राहतात. बोटांत चोळले तर विरघळत नाहीत, दबतात. पुरणयंत्रातून काढलं, मग मलमलीतूनही. गुठळ्या मोडल्या, बारीक कण तसेच.

माझ्या समजुतीप्रमाणे दूध 85 अंशांच्या आसपास काही वेळ राहिलं की निवळीतली प्रथिनं केसीनला (दुधातल्या मुख्य प्रथिनाला) चिकटतात, दह्याचं जाळं बारीक विणीचं होतं आणि पाणी धरून ठेवतं. उलट, दही फार उबेत भराभर आंबलं तर जाळं घाईत जमतं, आकसतं, पाणी सोडतं आणि कण धरतात. मी दूध एक उकळी आली की लगेच उतरवते. आणि मे महिन्यात आमच्या ओट्यावरच 40 अंशांच्या आसपास तापमान असतं, त्यामुळे दोन्ही कारणं संभवतात.

मिक्सर फिरवून झाला. श्रीखंड सैल पडतं, म्हणून तो सल्ला नको. दूध पावडर, कॉर्नफ्लोअरही नको, कारण घरी नैवेद्याला लागतं. चक्का फ्रीजमध्ये टांगायची सोय आहे, थर्मामीटरही आहे.

ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांना विचारते: दूध मंद आचेवर जास्त वेळ ठेवायचं, की विरजण कमी घालून थंड जागी सावकाश लावायचं? आणि सावकाश लावलेलं दही नेमकं किती घट्ट झाल्यावर टांगायचं, म्हणजे आंबट होणार नाही?