टांगता बर्ड फीडर: हुकावरून न काढता दाणे भरता येतील असा कसा बनवावा?

गॅलरीवाली

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत छताच्या हुकाला बाटलीचा फीडर टांगला आहे. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली आणि आरपार घातलेले दोन लाकडी चमचे, नेहमीचा प्रकार. चिमण्या आणि ठिपकेवाल्या मुनिया येतात, पण भरणं जिकिरीचं आहे. स्टुलावर चढा, हुकावरून काढा, आडवी धरून नरसाळ्याने बाजरी ओता. तोवर चमच्यांच्या भोकांतून निम्मी बाजरी खाली पडते, तीही दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. पावसाळ्यात बाटलीच्या तळाशी दाण्यांचा गोळा होतो आणि अरुंद तोंडातून तो निघत नाही. घरी ड्रिल मशीन आहे. टांगलेला असतानाच भरता येईल असं काही बनवता येईल का? कबुतरंही खूप आहेत.

खटपट्या

बाटली सोडा. तिचं तोंड अरुंद, म्हणून भरणं अवघड आणि धुणंही अवघड. ७५ मिमीचा पीव्हीसी पाईप घ्या, ३० सेंमी लांब. त्याची दोन एंड कॅप (पाईपचं तोंड बंद करणारी टोपणं), २० सेंमी व्यासाची काठ असलेली स्टीलची थाळी, ६ मिमीचा एक नट-बोल्ट वॉशरसकट आणि १४ गेजची जीआय तार दीड मीटर. थाळी सोडून सगळं प्लंबिंगच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

एक कॅप थाळीच्या मधोमध बोल्टने आवळा. पाईप तिच्यात नुसता दाबून बसवा, सोल्युशन (पाईप चिकटवायचा गोंद) अजिबात लावू नका. बाजूने दोन छोटे स्क्रू मारा, म्हणजे दाण्यांच्या वजनाने कॅप निसटणार नाही आणि धुवायच्या वेळी सगळं सुटं करता येईल. आता कॅप आणि पाईप दोन्हींतून चार दिशांना चार खाचा पाडा, प्रत्येकी २० मिमी रुंद. १० मिमीची दोन भोकं शेजारी शेजारी पाडून मधला भाग कानशीने घासला की खाच तयार. त्याआधी पाईपवर आणि कॅपवर मार्करने एक उभी रेघ ओढून ठेवा, नाहीतर पुन्हा जोडताना खाचा जुळत नाहीत.

खाचेची वरची कड थाळीपासून १५ मिमीच्या वर जाऊ देऊ नका, सगळी मेख इथेच आहे. दाणे खाचेतून उतरून साधारण २५ ते ३० अंशांचा उतार करतात आणि तोंड झाकलं गेलं की वाहणं आपोआप थांबतं. १५ मिमी उंचीवरून हा उतार पाईपपासून साधारण ३ सेंमी पसरतो. पाईपची त्रिज्या पावणेचार सेंमी, म्हणजे मध्यापासून पावणेसात. थाळीची त्रिज्या १०, तेव्हा काठाशी सव्वातीन सेंमी मोकळी जागा उरते आणि चिमणी तिथे उभी राहते. हीच कड २५ मिमीवर ठेवली तर ढीग जवळजवळ काठापर्यंत जातो आणि वाऱ्याच्या एका झोक्यात खाली सांडतो. खाच अरुंद ठेवली तरी बिघडतं. जाड दाणे एकमेकांत अडकून कमान धरतात आणि वरून पाईप भरलेला असूनही थाळी रिकामी राहते.

पाईपच्या आत तळाशी एक लहान नरसाळं उलटं ठेवा, नळी कापून. ते नसेल तर मधल्या बोल्टभोवतीचे दाणे महिनोन्‌महिने तिथेच राहतात, आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते.

तार पाईपच्या वरच्या तोंडापासून २ सेंमी खाली समोरासमोरच्या दोन भोकांत आतून बाहेर काढून वाकवा आणि टोकं पक्कडीने दाबून टाका. दोन्ही तारा पाईपच्या आतून वर येतील. दुसऱ्या कॅपला दोन भोकं पाडून ती या तारांमध्ये ओवा, हेच झाकण. भरताना झाकण तारेवरून वर सरकवायचं, दाणे ओतायचे, खाली सोडायचं. काहीही सुटं होत नाही, काहीही खाली पडत नाही.

पागोळी

वरची रचना उत्तम आहे. झाकणाच्या बाबतीत दोन गोष्टींची भर.

तारा पाईपच्या तोंडापासून लगेच एकमेकींकडे झुकवून हुकाला जोडल्या तर झाकण दोन बोटं वर जाऊन अडकतं, कारण भोकांमधलं अंतर ठरलेलं आणि तारांमधलं कमी होत जाणारं. तारा निदान २० सेंमी समांतर हव्यात. त्या उंचीवर भोकांइतक्याच अंतराची एक आडवी तारेची पट्टी घाला आणि तिच्यावर तारा एकत्र आणा. झाकणाची भोकं तारेपेक्षा सैल, ५ मिमीची ठेवा. नवी एंड कॅप पाईपवर घट्ट बसते आणि एका हाताने उचलत नाही. ती आतून खरखरीत सँडपेपरने घासा, ती स्वतःच्या वजनाने खाली बसेपर्यंत. झाकण वर धरून ठेवायला तारेवर कपड्यांचा चिमटा लावला की दोन्ही हात मोकळे.

या भोकांतून पाऊस आत जाणारच. म्हणून झाकणाच्या वर २५ ते ३० सेंमी व्यासाचं एक प्लॅस्टिकचं घमेलं किंवा मोठा वाडगा पालथा टांगा. तो आडव्या पट्टीच्या वर असू द्या, म्हणजे झाकण सरकायला आड येत नाही. आडवा पाऊस थाळीत येतोच, त्यासाठी थाळीला बारीक भोकं हवीत. ३ मिमीची नकोत, बाजरी त्यातून गळते किंवा त्यातच अडकून बसते. दीड मिमीचं बिट वापरा आणि काठाजवळ पंधरा-वीस भोकं पाडा.

स्टूल टाळायचं असेल तर छताच्या हुकाला एक छोटी कप्पी लावा, ४ मिमीची विणलेली दोरी तिच्यावरून घ्या आणि भिंतीला खुंटीवर गुंडाळा. फीडर छातीच्या उंचीवर आणा, भरा, परत वर ओढा. दोरी उन्हाने पिंजते. तंतू सुटायला लागले की त्याच दिवशी बदला, त्या तंतूंत पक्ष्यांचे पाय अडकतात. मांजासारखी बारीक नायलॉन दोरी तर वापरूच नका.

रेघोटी

कोणीतरी ११० मिमीचा पाईप सुचवेल, त्याआधीच लिहितो. त्यात ३० सेंमीला जवळजवळ दोन किलो बाजरी मावते. आठवडाभर बघायला नको असं वाटतं, पण पावसाळ्यात तेच चुकतं. ओल धरलेली बाजरी तीन-चार दिवसांत वास मारू लागते, बुरशी आणि सोंडे लागतात, आणि असे दाणे पक्ष्यांना आजारी पाडतात. ७५ मिमी पाईपमध्ये दर सेंमी उंचीला साधारण ३० ग्रॅम बाजरी बसते, या हिशेबाने दोन दिवसांत संपेल एवढीच भरा. तिसऱ्या दिवशी काही उरलं असेल तर पुढच्या वेळी निम्मं. जुन्यावर नवे दाणे ओतू नका, आधी थाळी झटका. सहज भरता येणाऱ्या फीडरचा खरा फायदा हाच, की थोडं थोडं भरायचा कंटाळा येत नाही.

दोन आठवड्यांनी सगळं सुटं करून साबणाने घासा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवून भरपूर पाण्याने धुवा. कडक उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय दाणे घालू नका. पावसाळ्यात ऊन नसेल तर दुसरी थाळी आणि कॅप हाताशी ठेवा.

दाण्यांचं म्हणाल तर एकटी बाजरी बरी. बाजारातल्या मिश्रणात ज्वारी, मका असे जाड दाणे असतात. चिमण्या ते चोचीने बाजूला उडवून हवे ते निवडतात आणि उडवलेलं खालच्यांच्या कपड्यांवर जातं. मुनियांना राळा फार आवडतो, पण त्याची फोलपटं उडतात. बाजरीला तो त्रास नाही. फरसाण, बिस्किटं, शिळा भात घालू नका.

गॅलरीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. कबुतरांचं मात्र राहिलं. सोसायटीत आधीच तक्रारी आहेत, आणि २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद केल्यापासून तर विषय फारच तापला आहे. भोवती जाळीचा पिंजरा केला तर झाकणापर्यंत हात कसा पोचणार?

खटपट्या

तक्रार रास्त आहे, कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसांचा आजार होतो. त्यामुळे पिंजरा हवाच.

दीड इंची चौकोनाची वेल्डेड जाळी घ्या, म्हणजे ३८ मिमी. चिमणी आणि मुनिया त्यातून आरामात जातात, कबूतर जात नाही. पण ते जाळीला लटकून मान आत घालतं, म्हणून थाळीचा काठ आणि जाळी यांत चहूबाजूंनी १२ सेंमी अंतर ठेवा. थाळी २० सेंमीची, म्हणजे पिंजरा ४४ सेंमी व्यासाचा. त्याला १ मीटर ४० सेंमी जाळी लागते. तळ आणि माथाही जाळीनेच बंद करा.

हात पोचण्यासाठी पाईपच लांब घ्या, ३० ऐवजी ६० सेंमी. पिंजरा खालच्या ४० सेंमीभोवती, माथ्याच्या जाळीतून पाईप वर आलेला, झाकण पिंजऱ्याच्या बाहेर. भरताना पिंजऱ्याला हातही लावावा लागत नाही. पाईप लांब आहे म्हणून पूर्ण भरायचा मोह मात्र नको. तळाचे १५ सेंमी, साधारण साडेचारशे ग्रॅम, ही उन्हाळ्यातली कमाल. किती उरलंय ते बघायला वरून एक पट्टी घालून मोजा.

धुण्यासाठी पिंजऱ्याच्या तळाची जाळी तारेच्या कड्यांवर दारासारखी उघडू द्या. थाळी-कॅपचे स्क्रू तिथूनच काढता येतात. जाळीची कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला वाकवून दाबा, आतल्या बाजूला एकही टोक राहता कामा नये.

पागोळी

एवढं वजन झाल्यावर हूक तपासा. पीओपीच्या छतातला हूक चालणार नाही, स्लॅबमध्ये अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये भोक पाडून घट्ट बसवायचा बोल्ट) हवा. तिसऱ्या मजल्यावरून हे खाली पडलं तर माणूस जखमी होईल, म्हणून पिंजऱ्यापासून गॅलरीच्या ग्रिलला एक वेगळी सुरक्षा तार बांधा. गॅलरीच्या दाराला मोठी काच असेल तर फीडर काचेपासून मीटरभराच्या आतच टांगा. एवढ्या जवळून घाबरून उडालेल्या पक्ष्याला वेग आलेला नसतो, म्हणून काचेवर आपटला तरी वाचतो.