मदत हवी आहे : चर्चचा कोणता भाग आधी बांधला, कसं ठरवायचं?

नागपुरातल्या आमच्या मंडळीसाठी चर्चच्या इतिहासाची छोटी पुस्तिका करतोय. इमारत इंग्रज काळातली, मुळात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची. 1970 मध्ये नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हापासून आपण त्यात.

वेदीचा भाग आणि मंडळी बसते तो मोठा भाग जिथे मिळतात, तिथे बाहेरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा आहे. दोन्हीकडचे दगडाचे थर एकमेकांना जुळत नाहीत, मधे चुन्याची पांढरी रेघ स्वच्छ दिसते. बांधकाम दोन टप्प्यांत झालंय हे उघड आहे. कमानी मात्र दोन्हीकडे टोकदारच, त्यामुळे शैलीवरून काही ठरत नाही.

भिंतीवरच्या स्मृतिशिला वाचल्या, पण त्यांवर मृत्यूच्या तारखा आहेत, बांधकामाच्या नाहीत. शिवाय शिला नंतर हलवल्याही जातात. जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्ली. इथल्या पुराभिलेखागारात दुरुस्तीचेच कागद मिळाले.

बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदींच्या प्रती प्रेसिडेन्सीकडे, म्हणजे मद्रास, बंगाल अशा इंग्रज काळातल्या मोठ्या प्रांतांकडे जायच्या, त्या आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण कोणत्या प्रेसिडेन्सीकडे, ते कळत नाही : नागपूरजवळच्या कामठीची छावणी मद्रास लष्कराची, आणि नागपूरचं स्वतंत्र बिशपक्षेत्र 1903 मध्ये झालं, त्याआधी कलकत्त्याचं, म्हणजे बंगालकडचं.

प्लास्टर खरवडायला परवानगी नाही. फोटो आणि मोजमापं देऊ शकतो. लंडनला जाणं शक्य नाही.

तर 1903 पूर्वीच्या नागपूरच्या नोंदी मद्रासच्या खंडांत शोधायच्या की बंगालच्या? आणि भिंतीला धक्का न लावता, नुसत्या सांध्यावरून आधीची भिंत कशी ओळखायची?