वॉक, स्ट्रोल, ट्रज... पोरांना हे 'चालणं' शिकवायचं कसं?

शिकवणीवाली:
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात घरीच आठवी-नववीच्या पोरांची इंग्लिशची शिकवणी घेते, बारा पोरं आहेत. वॉक आणि गो सोडून निबंधात तिसरं क्रियापद येतच नाही, आजोबा वॉक करतात, कुत्रं वॉक करतं, चोर पण वॉकच करत पळून जातो. म्हणून मागच्या आठवड्यात गाइडमधली यादी पाठ करायला दिली, वॉक बरोबर स्ट्रोल, स्ट्राइड, ट्रज, लिंप, स्वॅगर, सगळं एका ओळीत. मग गड्ड्याच्या यात्रेवर, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेवर निबंध लिहून घेतला तर एकाने लिहिलंय की पांढऱ्या बाराबंद्या घातलेले लोक सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच, जड काठ्या) घेऊन स्ट्रोल करत सम्मती कट्ट्याकडे गेले. म्हणजे रात्री जेवून तलावाकाठी शतपावलीला निघाल्यासारखे! आणि एकीची आजी यात्रेत स्वॅगर करत फिरलीय, गुडघे दुखतात म्हणून. पोरांची चूक नाही, यादी मीच दिली होती. पण मग शिकवायचं कसं? हातवाऱ्यांचं पण तेच, नॉड, श्रग, बेकन, वेव्ह, सगळ्याला एकच उत्तर, 'इशारा केला'.

पुण्यातला_सोलापुरी:
आज्जीला गॉगल पण द्या की मग. ऑफिसात एकटाच हसलालोय बे, शेजारचा बघतोय.

रिटायर_मास्तर:
बाई, बरोबरचं चिन्ह काढून टाका, निम्मा घोटाळा तिथंच मिटेल. आपल्या मराठीत मूळ क्रियापद जाणं-येणं हेच राहतं आणि 'कसं' ते आपण बाजूला जोडतो, लंगडत आला, खुरडत गेला, तरातरा निघाली, पाय आपटत उठला. इंग्लिशमध्ये ते 'कसं' क्रियापदाच्या पोटातच असतं आणि आत-बाहेर सांगायला मागे एक छोटा शब्द लागतो, 'लिंप्ड इन', झालं वाक्य. लिओनार्ड टाल्मी नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञाने १९८५ च्या एका लेखात इंग्लिश आणि स्पॅनिश शेजारी ठेवून हाच फरक मांडलाय. त्यामुळे पोरं इंग्लिशमध्ये अडली की आधी मराठीत विचारायचं, चालला कसा? पाय न उचलता घासत चालला तर शफल, झोकांड्या खात असेल तर स्टॅगर, लांब ढांगा टाकत असेल तर स्ट्राइड, बाळ दुडूदुडू चाललं तर टॉडल, चवड्यावर असेल तर टिपटो. ट्रज म्हणजे नुसतं हळू नव्हे हं. तिथं थकवा पाहिजे, पाय जड झालेले पाहिजेत आणि रस्ता अजून संपलेला नको. एसटी चुकली, उन्हात तीन किलोमीटर, हातात चादरींचं गाठोडं, ते ट्रज.

मी नोकरीत असताना चिठ्ठ्या करायचो. एका पोराने चिठ्ठी उचलायची, दारापासून फळ्यापर्यंत तसं चालून दाखवायचं, बाकीच्यांनी आधी मराठी सांगायचं आणि मग इंग्लिश. स्वॅगर आणि स्ट्रटवर दरवर्षी भांडण व्हायचं. माझं मत, स्ट्रटमध्ये छाती पुढे, मान ताठ, मोरासारखं. स्वॅगरमध्ये खांदे हलतात, गावात आपलंच चालतं असा भाव.

राहिले नंदीध्वज. तिथं भारी शब्द नकोच. नंदीध्वज पेलायचा असतो, सगळं लक्ष तोलावर, पाऊल मोजून पडतं. साधं 'वॉक्ड स्लोली' लिहिलं तरी मी पूर्ण मार्क देईन. वर टोकाकडे जे डुलतं त्याला मात्र स्वे हा शब्द छान बसतो. पेलणारा स्टॅगर झाला तर बघणाऱ्यांच्या काळजात धस्स होईल.

पुण्यातला_सोलापुरी:
हातवाऱ्यांचं मी सांगतो, परदेशी क्लायंटबरोबर रोज व्हिडिओ कॉल असतात माझे. नॉड म्हणजे मान खाली-वर, अर्थ हो. डावी-उजवी केली की शेक, अर्थ नाही. आणि आपण जे करतो ते दोन्हीत बसत नाही, आपण मान तिरकी डोलावतो. सुरुवातीला एकाने विचारलं काम झालं का, मी मान डोलावली, त्याने परत विचारलं, मी परत डोलावली अजून जोरात, तिसऱ्यांदा त्याचा आवाजच बदलला तेव्हा कळलं की याला माझं हो दिसतच नाहीये.

बेकन म्हणजे खुणावून जवळ बोलावणं. समुद्रात वाट दाखवणारा बीकन असतो ना, तो शब्द आणि हा एकाच मुळातला, म्हणून मला पाठ करावा लागला नाही. यात पण गंमत आहे, आपण 'इकडं ये' म्हणताना तळहात खाली करून बोटं हलवतो, इंग्रज माणसाला ते टाटा केल्यासारखं वाटू शकतं, त्यांचा तळहात वर असतो. श्रग फक्त खांद्यांचा, 'मला काय माहीत' किंवा 'मला काय त्याचं'. आणि जेस्टिक्युलेट म्हणजे नवी पेठेत भाव करताना आपली आई करते ते, दोन्ही हात, न थांबता.

धोटा:
आमचं घर मागावाल्यांचं, म्हणून एक भर घालतो. मागावर धोटा इकडून तिकडं धावतो ना, त्याला इंग्लिशमध्ये शटल, आणि त्यावरूनच शटल करणं म्हणजे दोन जागांमध्ये सारखं ये-जा करणं. वडील रोज अक्कलकोट-सोलापूर करायचे, ते शटल. पण ऑपरेशन थिएटरबाहेर माणूस येरझारा घालतो ते शटल नाही, ते पेस. आपल्याकडं 'येरझारा' दोन्हीला चालून जातं, तिकडं चालत नाही.

परीक्षार्थी:
सगळं भारी आहे पण स्पर्धा परीक्षेत समानार्थी शब्दाला चार पर्याय असतात आणि वेळ अर्धा मिनिट, तिथं कोण चालून दाखवणार? यादी पाठ केल्याशिवाय पर्याय नाही, माझं तरी असंच निघालं.

रिटायर_मास्तर:
करा की पाठ. फक्त शब्दापुढे शब्द नको, माणूस लिहा. लिंप, पाय मुरगळलेला खेळाडू. शफल, स्लीपर घातलेले आजोबा.

शिकवणीवाली:
काल चिठ्ठ्या केल्या. आज्जीवालीलाच नेमका स्वॅगर आला, तिने वडिलांचा शर्ट खांद्यावर टाकून असा काही फेरा मारला की खालच्या मजल्यावरून विचारायला आले काय चाललंय. नंदीध्वजवाल्याने स्ट्रोल स्वतःहून खोडलं आणि पट्टी हातात उभी धरून चालून दाखवलं, एका वेळी एक पाऊल, जीभ बाहेर. फक्त एकाने अडवलं मला. म्हणे बाई, शिकवणी सुटली की आम्ही ढुंगणाला पाय लावून पळतो, त्याला काय म्हणायचं?

धोटा:
बोल्ट. त्या उसेन बोल्टशी काही संबंध नाही, शब्द आधीचाच आहे.

पुण्यातला_सोलापुरी:
बरोबर आहे, पण निबंधात लिहू नका म्हणावं, फी भरणारे वाचतात.