मदत हवी आहे: आमच्याच रेकॉर्डिंगवर कॉपीराइटचा दावा

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या भजनी मंडळाने सतराव्या शतकातला एक अभंग यूट्यूबवर टाकला. चाल आमच्या बुवांची, पेटी-पखवाज आमचेच, रेकॉर्डिंग देवळात मोबाइलवर. तरी एका म्युझिक कंपनीचा कंटेंट आयडी (यूट्यूबची गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) दावा आलाय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्दांवरचा हक्क संपतो, हे लिहून हरकत नोंदवली. कंपनीने दावा कायम ठेवला. आता अपील उरलंय. तेही फेटाळून त्यांनी व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक (चॅनलवर कॉपीराइटभंगाचा ठपका) येईल, आणि कार्यक्रमांची बोलावणी याच चॅनलवरून येतात! कमाई सुरू नाही, वकील परवडत नाही. मूळ फाइल तारखेसह आहे. चाल स्वतंत्र असल्याचं अपिलात नेमकं कसं मांडावं? बेळगाव-निपाणी भागात कुणी असं अपील जिंकलंय का?